एका पैशाची गोटी

एका गावात एक सुतार होता, आणि त्याच्या दारात नेहमी चार माणसं ताटकळत बसलेली असत. त्याचं नाव केरबा. त्याने केलेली चौकट कधी कुणी कोपरा मापायचा गुण्या लावून तपासली नाही. केरबाचा कोपरा म्हणजे काटकोनच, असं सगळे धरून चालत.

ताटकळणाऱ्यांचा वेळ जावा म्हणून केरबाने एक गंमत केली. एक उतरती फळी घेतली, तिच्यावर खिळे ठोकले, मध्ये मध्ये खळगे कोरले. खालचा दांडा मागे ओढून सोडला की काचेची गोटी वर जाई आणि खिळ्यांवर आपटत खाली येई. सगळ्यांत वरचा खळगा म्हणजे राजाचं घर.

खेळ फुकटचा, मग गर्दीला काय तोटा? केरबाला रंधा मारायला जागा उरेना. तेव्हा त्याने फळीला एक फट पाडली. फटीतून पैसा पडला की त्याच्या वजनाने आतली खिटी दबे आणि एकच गोटी पुढे येई. राजाच्या घरात गोटी गेली तर केरबाने घडवलेला पाट बक्षीस. झालं, दुसऱ्या गावचे लोकही येऊ लागले.

पहिल्याच महिन्यात सात पाट गेले. बक्षीस म्हणून पाटाऐवजी लाटणं ठेवलं असतं तरी लोक खेळले असते. पण केरबाला ते सुचलं नाही, हातोडी सुचली. राजाच्या घराजवळचा खिळा त्याने तीळभर वाकवला. त्यानंतर एकही पाट गेला नाही.

चिमाआत्या केरसुण्या विकायची. म्हातारपणी तिची दृष्टी गेली होती. नातीचं लग्न ठरलं होतं, आणि नवरी उसन्या पाटावर बसू नये एवढीच तिची इच्छा होती. विकत घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून ती रोज एक पैसा टाकायची, दांडा सोडायची आणि कान देऊन ऐकायची.

एका दुपारी दुकानात कुणी नाही याचा कानोसा घेऊन ती म्हणाली, "केरबा, रागावू नकोस. वरचा एक खिळा वाकलाय बघ. गोटी तिथं वेगळी वाजते."

केरबाच्या हातातला रंधा थांबला. "कधीपासून कळलंय?"

"झाले पंधरा दिवस. चारचौघांत कशाला बोलू? तुझ्या कामाला नाव ठेवतील लोक."

"मग रोज पैसा का टाकलास, आत्या?"

"म्हटलं, आज तुझ्या ध्यानात येईल. तुझं काम वाकडं राहतंय होय?"

केरबाला मान वर करवेना. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने कोपऱ्यातला पाट उचलून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "जिंकल्याशिवाय कसा घेऊ? खिळा नीट कर, उद्या येते."

त्याने खिळा सरळ केला. चौथ्या दिवशी, भरल्या दुकानात, चिमाआत्याची गोटी राजाच्या घरात पडली. पाट छातीशी धरून ती सगळ्यांना सांगू लागली, "खिळा वाकला होता. बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. सांगितल्याबरोबर नीट केला बघा."

लोक माना डोलावू लागले. केरबाचे कान तापले. कौतुक ऐकून कधी जमिनीत गडप व्हावंसं वाटतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"आत्या, खिळा वाकला नव्हता. मी वाकवला होता."

चिमाआत्याने पाटाच्या चारही कोपऱ्यांवरून सावकाश बोटं फिरवली.

"केरबा," ती म्हणाली, "हा तरी गुण्यात आहे ना?"

केरबाने खुंटीवरचा गुण्या काढून तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून केरबाकडून काम नेणारा प्रत्येक जण आधी गुण्या मागू लागला, आणि केरबा खाली मान घालून तो देत राहिला.

तात्पर्य: जे आपल्याला तपासून पाहत नाहीत, त्यांना फसवणं सगळ्यांत सोपं असतं, आणि त्याचीच लाज सगळ्यांत जास्त दिवस पुरते.