बुलबुलाचे उसने दुःख

एका जंगलाच्या काठाला, वनखात्याच्या जुन्या बंगल्याला लागून करवंदीची एक दाट जाळी होती आणि त्या जाळीत एक बुलबुल सहकुटुंब राहत असे. मुलांनो, बुलबुल तुम्ही पाहिलेला आहेच. डोक्यावर काळा तुरा, अंगावर तपकिरी कोट आणि शेपटीखाली लालभडक ठिपका, गडबडीत ओल्या रंगावर बसून उठावे तसा. हा आपला बुलबुल मोठा आनंदी प्राणी होता. सकाळ झाली की "पिकविक, पिकविक" करीत घाणेरीची फळे खायची, बंगल्याच्या अंगणातल्या गुलाबावरून चार अळ्या टिपायच्या, त्या घरट्यातल्या पिल्लांच्या चोचीत कोंबायच्या आणि पुन्हा पिकविक. गाणे काही असामान्य नव्हते. पण त्याला ते आवडे, बायकोला चाले आणि पिल्लांच्या लेखी त्याचा अर्थ 'जेवण आले' असा होता. याहून गाण्याने आणखी काय करावे?

फाल्गुनात पळस फुलला आणि जंगलात एक पोपट परत आला. परत आला म्हणायचे कारण, लहानपणीच त्याला कुणीतरी धरून शहरात नेले होते. तिथे तो एका शायराच्या पिंजऱ्यात वाढला. रोज संध्याकाळी शायराकडे मैफल जमे, शेर म्हटले जात, लोक माना डोलवीत आणि पोपट सगळे पाठ करी. एके दिवशी पिंजऱ्याचे दार उघडे राहिले आणि पोपट आपली पाठांतरे घेऊन उडाला. त्याला एकाही शेराचा अर्थ येत नव्हता, पण त्यामुळे त्याचे कधी काही अडले नव्हते.

हा पोपट बंगल्याच्या कौलावर येऊन बसला तेव्हा बुलबुल गुलाबावर होता आणि त्याच्या चोचीत एक गलेलठ्ठ अळी होती.

"वाहवा!" पोपट म्हणाला. "गुलाबावर बुलबुल! शेवटी डोळ्यांनी पाहिलं म्हणायचं."

"अई आए," बुलबुल म्हणाला. त्याला 'अळी आहे' असे म्हणायचे होते, पण तोंड भरलेले होते.

"हुजूर, असं काय करता? शायरांच्या दुनियेत आपलं केवढं नाव! बुलबुल गुलाबावर जीव टाकतो. गुलाब त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग तो काट्यावर छाती टेकतो आणि असा गातो, असा गातो, की ऐकणाऱ्यांना रुमाल काढावे लागतात."

बुलबुलाने अळी गिळली. "कोण, मी?"

"बुलबुल आपणच ना?"

"हो, पण..."

"मग झालं तर," पोपट म्हणाला.

आता नाव तर खरोखरच बुलबुल होते, आणि गुलाबही समोरच होता. शिवाय आजवर त्याला कुणी हुजूर म्हटले नव्हते. एका शब्दाने भल्याभल्यांची डोकी फिरतात, मग एवढ्याशा तुऱ्याखालच्या डोक्याची काय कथा! बुलबुल रिकाम्या चोचीने घरी गेला.

"अहो, अळ्या कुठायत?" बायकोने विचारले.

"अगं, मी दुःखी आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच असणार. मला आज कळलं."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बुलबुलाने एक लांब काटा निवडला आणि त्यावर छाती टेकली. काटा टोचताच तो "पीक!" करून वीतभर उडाला.

"पीक नाही हुजूर," पोपट म्हणाला. "ते फारच बाजारी वाटतं. आह म्हणा. हळू, लांबवून. आणि आवाज कधी चढवायचा नाही."

होता होता बुलबुलाला ते जमले. डोळे मिटून, मान वाकडी करून तो "आऽऽह" म्हणू लागला. आसपासची पाखरे ऐकायला जमू लागली. मैना म्हणाली, "काय दर्द आहे!" होला जरा खट्टू झाला. "आम्ही जन्मभर घू घू करतोय," तो पुटपुटला, "आम्हाला कधी कुणी विचारलं नाही." आणि प्रत्येक आहेनंतर पोपट मोठ्याने "मुकर्रर!" म्हणे. मुकर्रर म्हणजे 'पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या'. हा एकच शब्द पोपटाला अर्थासकट येत होता, म्हणून तो भरपूर वापरी.

इकडे गुलाबाची दैना झाली. गुलाबाला बोलता येत नाही असे समजू नका. त्याच्याविषयी सगळे इतके बोलत असतात की त्याला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढेच. एकदा जरा शांतता मिळाली तेव्हा तो म्हणाला, "बाबा रे, तू माझ्यावर प्रेम करतोस म्हणे. मग तेवढी उजव्या फांदीवरची अळी काढतोस का? कळी कुरतडतेय मेली."

बुलबुलाची मान सवयीने उजवीकडे वळली. त्याने पोपटाकडे पाहिले. "काढू का?"

"छे छे, हुजूर! शेरात अळी नसते."

अळी राहिली. कळी गेली.

घरट्यात याहून वाईट चालले होते. पिल्ले दिवसभर आ वासून बसत आणि बायको एकटी खेपा घालून अर्धी झाली होती. एके सकाळी ती सरळ गुलाबाच्या झुडपावर आली आणि सगळ्या श्रोत्यांसमोर म्हणाली, "अहो, धाकट्याच्या पोटात काही नाही. जवळपासच्या अळ्या संपल्या, मी ओढ्यापर्यंत जाऊन येते. तुम्ही काही आणू नका, पण घरट्यावर लक्ष तरी ठेवाल ना?"

"ठेवीन की," बुलबुल म्हणाला. इथून करवंदीची जाळी समोरच दिसत होती. त्यात अवघड काय होते?

बायको दिसेनाशी झाली आणि बुलबुलाने काट्यावर छाती टेकली. पहिली आह झाली. दुसरीसाठी त्याने श्वास घेतला आणि त्याची नजर जाळीकडे गेली. जाळीच्या बुडाशी पाचोळा हलत होता. पाचोळ्यातून एक पिवळसर, चकचकीत धामण निघाली आणि शांतपणे करवंदीवर चढू लागली. तिला घाई नव्हती. इतक्या दिवसांत या जाळीतून एकदाही आरडाओरडा ऐकू आला नव्हता, याची तिने नोंद घेतली होती.

बुलबुलाने ओरडायला तोंड उघडले. तोंडातून निघाले, "आऽऽह!"

"काय लागलाय आज!" मैना म्हणाली.

"मुकर्रर!" पोपट म्हणाला.

बुलबुलाने पुन्हा जोर केला, आणि पुन्हा आहच आली. इतक्या दिवसांची गळ्याची सवय, ती एका क्षणात कशी सुटावी? धामणीने घरट्याच्या फांदीवर डोके ठेवले. फांदी हलली. पिल्लांना वाटले, जेवण आले. तिन्ही पिल्लांनी डोळे मिटून चोची उघडल्या.

त्या उघड्या चोची पाहिल्या आणि बुलबुलाच्या काळजात चर्र झाले. काट्यावर छाती टेकून जे दुःख कधी आले नव्हते ते आता एकदम आले, आणि त्याला आह म्हणता येईना. तुरा ताठ झाला, गळा फुगला आणि तो सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असा किंचाळला, "पीक! पीक! कीर्रर्र! पीक!" किंचाळतच त्याने जाळीवर झेप घेतली.

हे ओरडणे काही सुरात नव्हते. पण जंगलात त्याचा एकच अर्थ होतो आणि तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. श्रोते क्षणात उठले. काळा कोतवाल बाणासारखा आला आणि धामणीच्या डोक्यावर चोच मारून गेला. सातभाई पक्ष्यांचा थवा कलकलाट करीत धावला. मैना आली, होला आला, आणि या घरट्यावर एरवी स्वतःच डोळा ठेवून असणारा कावळाही शेपटी ओढायला आला. बुलबुल तर धामणीच्या तोंडापुढे नाचत होता, आपण केवढे आणि ती केवढी याचे त्याला भानच नव्हते.

"एवढा गोंगाट असला की जेवण गोड लागत नाही," असे म्हणून धामण खाली उतरली आणि पाचोळ्यात निघून गेली.

बायको परतली तेव्हा बुलबुल घरट्याच्या काठावर उभा होता. तुरा विस्कटलेला, आवाज बसलेला. तिने आधी पिल्ले पाहिली. एक, दोन, तीन. मग नवऱ्याकडे पाहिले.

"संपलं दुःख?" तिने विचारले.

"संपलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि खाली मान घालून अळ्या आणायला निघाला.

हे सगळे पळसावर बसलेली एक भोरडी पाहत होती. भोरड्या हे परदेशी पाहुणे. हिवाळ्यात आपल्याकडे ज्वारी खायला येतात आणि उन्हाळा लागला की डोंगरांपलीकडच्या आपल्या मुलखात परत जातात. भोरडी हसून म्हणाली, "अरे वेड्या, तो शेरातला बुलबुल तू नव्हेसच! आमच्या मुलखात त्या नावाचा दुसराच पक्षी आहे. मातकट अंग, ना तुरा ना लाल ठिपका, आणि गळा मात्र असा की ऐकत राहावं. शेर तिकडे त्याच्यावर झाले. इकडे येताना नाव तेवढं तुझ्यावर येऊन बसलं."

सगळे पोपटाकडे पाहू लागले. पोपट आपले पंख साफ करू लागला.

कावळा म्हणाला, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!"

आठ दिवसांपूर्वी हे ऐकून बुलबुल लाजेने मेला असता. आता त्याला हसू आले. "ताई," तो भोरडीला म्हणाला, "तिकडे गेलात की माझ्या त्या नावभावाला माझा नमस्कार सांगा. आणि एवढं विचारून या, घरट्यापाशी साप आला तर तो काय गातो?"

भोरड्या उडून गेल्या. पावसाळा झाला, पिल्ले मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली, ज्वारीच्या कणसांत दाणे भरले आणि एका सकाळी भोरडी पुन्हा पळसावर येऊन बसली.

"विचारलंत?" बुलबुलाने आल्या आल्या गाठले.

"विचारायची वेळच आली नाही. गुलाबाच्या बुडाशीच त्याचं घरटं होतं. मी बघत असतानाच साप आला."

"मग? गायला?"

"कसला गातोय! बेडकासारखा ओरडला. कर्र, कर्र! गुलाब राहिला बाजूला."

"पण हे कुठल्याच शेरात नाही," पोपट गडबडून म्हणाला.

"शेर करणारे ऐकतात ती रात्रीची तान," भोरडी म्हणाली. "साप आला तेव्हा तिथं एकही शायर नव्हता."

बुलबुल खूप वेळ हसला. मग बंगल्याच्या अंगणात गेला, गुलाबाच्या उजव्या फांदीवरून एक अळी टिपली, गिळली आणि तुरा उभारून अगदी बाजारी आवाजात म्हणाला, "पिकविक!"

"मुकर्रर," गुलाब म्हणाला.

तात्पर्य : थोर नाव आणि सुंदर दुःख उसने मिळते, पण संकटात हाकेला धावते ते आपल्याच गळ्यातले ओरडणे, म्हणून आपला आवाज साधा असला तरी तो मोडू नये.