निळ्या माशीमाराची शीळ

"…आणि त्याचं कूळ?"

"माशीमारांचं, महाराज," शंभूगिरी म्हणाला. "चिमणीएवढा जीव. पाठ निळी, गळा नि छाती नारिंगी, पोट पांढरं. मादीही निळीच, पण फिकी."

"राहतो कुठे?"

"सावलीत. ओहोळाकाठी, बांबूच्या बेटात. खालच्या फांदीवर ताठ बसतो. माशी दिसली की झेप घेतो आणि बहुतेक त्याच फांदीवर परत येतो."

"बहुतेक?"

"बहुतेक." शंभूगिरी हसला. आपण नेमकं बोलतो याचं त्याला फार कौतुक होतं.

घाटमाथ्यावरच्या त्यांच्या मठाची एक रीत होती. शिष्य तयार झाला की गुरू त्याच्या तळहातावर एक रुद्राक्ष ठेवत. मग त्याने दुसरीकडे मठ उभारावा, स्वतःचे शिष्य करावेत. रुद्राक्ष मिळेपर्यंत… मठाच्या विहिरीचं पाणी शेंदावं.

शंभूगिरी पुष्कळ वर्षं पाणी शेंदत होता. त्याच्या मागून आलेले दोघे रुद्राक्ष घेऊन गेलेही होते. ते त्याला सलत होतं. म्हणूनच आज तो म्हाताऱ्या भैरवगिरी महाराजांना हट्टाने रानात घेऊन आला होता.

"पाखरं ओळखणारे पायलीचे पन्नास मिळतील, महाराज. मी बोलावलं की पाखरू येतं."

"येतं?"

"बघाच."

त्याने ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. बारीक सूर झरझर खाली उतरले आणि शेवटी पुन्हा वर चढले. शीळ हुबेहूब होती. तिथे त्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

समोरच्या मातीच्या दरडीत एक कपार होती. तिच्याकडे निघालेला निळा नर मध्येच वळला आणि जवळच्या फांदीवर येऊन बसला. त्याच्या चोचीत हिरवी अळी होती.

शंभूगिरीने पुन्हा शीळ घातली.

उत्तर द्यायला पाखराने चोच उघडली. अळी खाली वाटेवर पडली. छाती फुगवून ते गाऊ लागलं. या फांदीवरून त्या फांदीवर, दोघांच्या डोक्यावरून… पुन्हा पुन्हा.

"पाहिलंत? रानातला जीव, पण मला आपला मानतो."

महाराज कपारीकडे बघत होते. आत शेवाळाच्या घरट्यात पिल्लं चोची उघडून ओरडत होती.

"कोणाला शोधतोय तो?"

"मलाच की."

"आणि सापडलास तर?"

शंभूगिरीने डोक्यावरून फिरणाऱ्या पाखराकडे पाहिलं. विणीच्या दिवसांत हा नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मठातल्या धाकट्यांना त्यानेच ते शिकवलं होतं.

"…हाकलून लावील."

"हं."

पाखरू नसलेल्या वैऱ्याला शोधत राहिलं. पिल्लांचा आवाज हळूहळू बारीक झाला.

"आपण गप्प बसलो तर जाईल तो," शंभूगिरी खालच्या आवाजात म्हणाला.

दोघे वाटेच्या कडेला बसले. पाखरू गात होतं…

बऱ्याच वेळाने ते थांबलं. एक माशी टिपली आणि कपारीत शिरलं. पिल्लांचा गलका पुन्हा वाढला.

शंभूगिरीला लाज वाटली. अगदी खरी वाटली. पण आशा चिवट असते. त्याने तळहात पुढे केला.

"चुकलो, महाराज. कान धरतो. पण एवढं तरी सांगा… मी मठ उभारला तर माझ्या हाकेला माणसं येतील ना?"

भैरवगिरी कष्टाने वाकले. वाटेवर पडलेल्या अळीला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी ती उचलली, फुंकर घालून मुंग्या उडवल्या आणि शंभूगिरीच्या तळहातावर ठेवली.

"येतील रे, न यायला काय झालं? फक्त आला कोणी, की त्याच्या चोचीतून काय पडलं तेवढं बघत जा."