उमरदरीची थोरली

उमरदरीच्या तलावातल्या काळ्या मातीला गावात ‘थोरली’ म्हणतात. पाहुण्याने चिखल म्हटलेच, तर म्हातारे तुळसोबा भोपळे शांतपणे सुनावतात, “चिखल तुमच्याकडं. इथं थोरली.” मग बांधावर बसवून ते कारण सांगतात, पाहुण्याने विचारलेच पाहिजे अशी अट नाही.

फार पूर्वी म्हणे हा बांध दर पावसाळ्यात फुटायचा. गावाने दगड रचले, नवस बोलले. पाणी कशालाच दाद देईना. शेवटी देवऋषी घुमला: पाटलाची थोरली सून बांधात पुरा. देवी कधी देवऋषीची सून मागत नाही, हे तेव्हाही लोकांच्या ध्यानात आले होते, असे सांगतात.

थोरली सून भिवरा. सासरे रायाजी पाटील देवऋषीचा हुकूम घेऊन तिच्यापुढे उभे राहिले. त्यांच्या आधी तीच म्हणाली, “मामंजी, आधी बांधात राबू द्या. दमले की पुरा. देवीला आळशी सून देऊ नये.”

माहेरी घराच्या भिंतींसाठी तिने माती तुडवली होती. तुडवल्यावाचून माती पाणी धरत नाही, हे तिला ठाऊक होते. इथे दगडांच्या पोटात माती नुसती ओतत. पाटील पाय मळवत नाहीत, म्हणून मानपानाने गावातले कोणीच मळवत नसे.

भिवराने पदर खोचला, मातीत भुसकट टाकले आणि एकटीच तुडवू लागली.

“अगं बाई, पाटलीण चिखलात!” धाकटी जाऊ किंचाळली.

“ओरडतेस काय? ये की!”

जाऊ उतरली. मग बायका उतरल्या, मग लाजेकाजेने पुरुष. रायाजींना जोडे काढायला सर्वांत जास्त वेळ लागला.

पाऊस आला. पाणी बांधाच्या काठाला टेकले आणि तिथेच थांबले. देवऋषी कुदळ घेऊन आलाच होता. “देवी थोरलीची वाट बघतीय,” तो म्हणाला.

रायाजी सुनेच्या पुढे झाले. स्वतःच्या गुडघ्यापर्यंत माखलेली माती दाखवून म्हणाले, “ही थोरली. देवीला पोचली. माझी सून घरी चालली.”

तेव्हापासून बांध फुटलेला नाही, म्हणे. आजही उमरदरीत नव्या नवरीचे पाय धुऊन तिला घरात घेत नाहीत. आधी सासरच्या सगळ्यांनी तिच्यासोबत थोरली तुडवायची. नवरदेव कपड्यांसाठी कुरकुरला, तर नवरी पुढे जाते आणि वरात त्याला तिथेच सोडून येते.