लाडाचं गवत

कोणे एके काळी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनीही कान टवकारावेत, कारण यातली चूक थोरांनीच केलेली आहे.

एका उंच पठारावर गवळ्यांची वस्ती होती. तिथे ठकू नावाची गवळण खालच्या खोऱ्यातून नवीनच नांदायला आली होती. नवरा बैल घेऊन दूर मुलखात गेलेला, तो होळीलाच परतायचा. घरी ती, माहेराहून आंदण आलेली म्हैस आणि त्या म्हशीची पारडी. पारडी ठकूच्या हातावर वाढलेली, तिच्याशिवाय पाणी पीत नसे. म्हैस-पारडी दोघींचं पोट घरामागच्या कुरणावर. फाल्गुनात तिथे नवं गवत फुटलं तर दोघी राहणार, नाही तर एकीला खोऱ्यात परत धाडावं लागणार. थंडीपुरता पेंढा होता, त्यापुढे पठारावर दुसरा चारा आणायचा कुठून?

कार्तिक सरला, वारं बोचू लागलं आणि ठकूचा गोंधळ सुरू झाला. गवत वाढायचंच थांबलं. पाती तांबूस पडली, जमिनीला चिकटून बसली. खोऱ्यात तिने असलं काही पाहिलं नव्हतं. "अगं बाई, याला झालंय तरी काय?"

ती धावतच शेजारच्या म्हादबांकडे गेली. वस्तीतले सर्वांत जुने गवळी ते. त्यांचंही कुरण तसंच तांबडं, आणि म्हातारा आपला उन्हात बसून दावं वळतोय!

"बाबा, गवत आजारी पडलंय."

"आजारी कसलं? थंडीची तयारी करतंय. मार्गशीर्ष लागला की आपल्यात कुरणाला पाणी नाही, खत नाही, विळाही नाही. त्याचं त्याला सोसू दे, पोरी."

"आणि मेलं तर?"

"हळूहळू सोसलेलं सहसा मरत नाही."

ठकूला काही उमगेना. म्हातारा शहाणा म्हणावा, तर बोलणं दगडासारखं. डोळ्यांदेखत कुडकुडणाऱ्याला सोसू दे म्हणे! हिच्या जिवाला ते कुठलं पटायला? तिने हंडेच्या हंडे पाणी कोमट करून गवताच्या मुळाशी घातलं. शेणकाला ओतला. रोज संध्याकाळी वर पेंढा पांघरायचा, सकाळी काढायचा. कंबरेचा काटा ढिला झाला बिचारीचा.

पण पेंढा पुरला अर्ध्याच कुरणाला. उरलेल्या अर्ध्यापुढे ती रोज ओशाळून उभी राहायची. "बाबांनो, रागावू नका रे. तुमच्या वाट्याला काही उरलंच नाही."

पंधरा दिवसांत लाडाचं गवत हिरवंगार झालं, वीतभर वाढलं. ठकू हरखून गेली. पण दुपारी घटकाभर म्हशीला सोडलं, की ती हिरवं ओलांडून थेट तांबड्यात जायची आणि तेच खुरटं गवत मिटक्या मारत खायची. ठकू पुन्हा गोंधळात. "अगं ए, डोळे फुटले का तुझे? गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते खोटं नाही!"

आता यात गाढव कोण, ते मी कशाला सांगू?

पौषात एका पहाटे असा कडाका पडला, की हंड्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. ठकू उठून कुरणाकडे पळाली. पेंढा उचलला, तर खालचं हिरवं गवत काळं पडलेलं, उकडलेल्या भाजीसारखं लिबलिबीत. तांबड्या गवतावर पांढरं दंव गोठलेलं. ते दुपारपर्यंत वितळलं, आणि पाती जशीच्या तशी.

ठकू मटकन खाली बसली आणि रडू लागली. ते ऐकून म्हादबा आले. "जिवापाड जपलं ते गेलं, वाऱ्यावर सोडलं ते राहिलं. बाबा, हा कुठला हो न्याय?"

म्हादबांनी खुरप्याने दोन्हीकडचा एकेक ठोंब उपटला, माती पुसली आणि बुडखे तिच्या हातावर ठेवले. "चावून बघ."

हिरव्याचा बुडखा नुसता पाणचट लागला. तांबड्याचा गोड होता. ठकू बघतच राहिली.

"वाढणं थांबवून ते हा गोडवा बुडाशी साठवतं. त्याच्याच बळावर कडाका काढतं," म्हादबा म्हणाले. "पण थंडीची चाहूल लागली तर साठवणार ना? तू ती लागूच दिली नाहीस. त्याला वाटलं, श्रावणच चाललाय."

"मी माया केली हो, बाबा."

"केलीस गं. पण थंडी त्याची होती, आणि सोसायला बसलीस तू."

फाल्गुनात तांबड्या भागात कोवळे कोंब आले. उरलेल्या अर्ध्यात नुसती माती. चारा एकीपुरताच होता. दुभती म्हैस ठेवणं भाग, म्हणून ठकू पारडीला घेऊन खोऱ्यात उतरली आणि तिचं दावं भावाच्या हाती दिलं. परत निघाली तशी पारडी रेकू लागली. ठकूने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

पुढचा कार्तिक सरला आणि गवत पुन्हा तांबडं पडलं. ठकू बांधावर हाताची घडी घालून बसून राहिली. हात शिवशिवत होते, आत जीव तुटत होता, आणि काहीच न करणं ही माया कशी, हे तिला अजूनही नीटसं कळत नव्हतं. पण ती उठली नाही.

तात्पर्य: ज्याला पुढे कडाका काढायचा आहे, त्याला आधी थोडी थोडी थंडी लागू द्यावी.