राखाडी ढीग आणि हरिणीची हाक

मुलांनो, माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील आणि शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल आधीच माफ करा. चूक दिसली तर पेन्सिलीने दुरुस्त करा, पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा.

ओढ्याच्या काठाने पसरलेल्या सागाच्या जंगलात चितळांचा एक कळप होता. आपल्याला जसे मीठ लागते, तशी हरणांना अधूनमधून खारी माती चाटावी लागते. ती माती टेकडीपलीकडच्या दरडीत मिळे आणि तिथवर जाताना सगळ्यांची दमछाक होई. एकदा माणसांचा एक ट्रक ओढ्यापलीकडे, जंगलाच्या अगदी कडेला, राखाडी भुकटीचा मोठा ढीग ओतून गेला. कळपाच्या म्होरक्याने ती भुकटी चाटून पाहिली. खारट होती, शिवाय थोडी गोडही. "आता टेकडी चढायला नको," तो म्हणाला आणि सगळ्यांना हायसे वाटले. त्या कळपाची एक रीत होती. काहीही मिळो, आधी पाडसांना द्यायचे, आणि त्यातही जे अशक्त असेल त्याला सर्वांत जास्त.

काही दिवसांनी एका हरिणीचे पाडस मलूल दिसू लागले. हाक मारली तरी ते कान टवकारेना. उडी मारायला गेले की त्याचे मागचे पाय दुमडत. शेजारणी मायेने म्हणत, "अगं, मीठ कमी पडत असेल त्याला. अजून चाटव." ती चाटवी आणि पाडस आणखी मलूल होई. मग ओढ्याला पूर आला आणि ढिगाकडची वाट बंद झाली. त्या दिवसांत पाडस हळूहळू उठून बसले, चरू लागले, एकदा तर फुलपाखरामागे धावले. पूर ओसरला, पाडसाने पुन्हा भुकटी चाटली आणि पुन्हा त्याचे पाय दुमडले. हरिणीला कळायचे ते कळले. ती थेट म्होरक्याकडे गेली.

"आबा, त्या ढिगात काहीतरी वाईट आहे. पोरांना तिकडे नेऊ नका."

"मी रोज चाटतो. मला काय झालंय?"

"तुमची हाडं पक्की आहेत, आबा. पोरांची अजून बनतायत."

"पोर तुझं नाजूक आणि दोष ढिगाला," म्होरक्या म्हणाला. शेजारची एक हरिणी हसून म्हणाली, "बाईसाहेबांना टेकडीपलीकडचीच माती लागते. आमची पोरं आपली साधी, मिळेल ते चाटतात."

हरिणी पाडसाला घेऊन एकटीच टेकडीपलीकडे जाऊ लागली. पाडस सावरले, त्याचे पाय काटक झाले. पण इकडे कळपातली बाकीची पाडसे एकेक करून मलूल होत होती, आणि त्यांच्या आया रीतीप्रमाणे त्यांना ढिगापाशी आणखी वेळ उभे करत होत्या. हरिणीचे पाडस तर वाचले होते. ती गप्प बसली असती, तरी तिला कोणी नावे ठेवली नसती. तिला मात्र गवत गोड लागेना.

आता हेही सांगितले पाहिजे, की चितळाने धोक्याची हाक दिली की कळप काही न विचारता पळतो. म्हणूनच खोटी हाक देणाऱ्याला तिथे माफी नव्हती. त्याला जन्मभर कळपाच्या बाहेरच्या कडेला, वाघ येतो त्या बाजूला, झोपावे लागे. हे हरिणीला चांगले ठाऊक होते. तरी एका सकाळी बाकीची सगळी पाडसे ढिगात तोंड घालून उभी असताना तिने, आपले पाडस ढिगापासून दूर ठेवून, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि खणखणीत हाक दिली.

कळप उधळला. तिचे पाडस सर्वांच्या पुढे धावले आणि एका झेपेत ओढ्याच्या अलीकडे आले. मागून मोठी हरणे पोहोचली. म्होरक्या धापा टाकत तिच्यापुढे उभा राहिला.

"वाघ कुठे आहे?"

"वाघ नाही, आबा. पण तो असता तर आज त्याला कोण सापडलं असतं, ते मागे वळून बघा."

सगळ्यांनी वळून पाहिले. बाकीची पाडसे पलीकडेच राहिली होती. दोन गाळात बसली होती. काही ओढ्याच्या काठाशी येऊन नुसतीच लटपटत होती. एक तर उलट्याच दिशेला चालले होते, आणि ते म्होरक्याचे नातवंड होते. त्या दिवशी हसलेली शेजारीण पाण्यात उतरली आणि आपल्या पाडसाला डोक्याने ढकलत अलीकडे आणू लागली.

म्होरक्याची शिंगे खाली झुकली. "मीच सगळ्यांना तिकडे नेलं," तो म्हणाला.

"मग तुम्हीच थांबवा. माझा आवाज लहान आहे, तुमचा साऱ्या जंगलात जातो."

त्या दिवसापासून म्होरक्या ढिगाच्या वाटेवर उभा राहू लागला. पिल्लू घेऊन कोणी आले, की तो पाय आपटून हाक देई. झाडावरची वानरे ती हाक पुढे नेत. सांबरे वळली, भेकरे वळली. एक रानडुकरीण तेवढी अडून बसली. "आम्हाला दगडसुद्धा पचतात," ती म्हणाली. "तुला पचतील गं. पण तुझ्यामागे ही दहा उभी आहेत, त्यांचं काय?" म्होरक्याने विचारले. डुकरिणीने मागे पाहिले आणि ती पिल्लांसकट परत फिरली.

पाडसे बरी व्हायला वेळ लागला, कोणी लवकर तर कोणी उशिरा. पुढे एकदा खरोखरच वाघ आला. हाक उठली, कळप ओढ्याकडे धावला, आणि एकामागून एक सगळी पाडसे बाणासारखी पलीकडे गेली. मागे एकही राहिले नाही. वाघ ओढ्याचे पाणी प्यायला आणि उपाशीच निघून गेला. त्या दिवशी कळपाने हरिणीला मधोमध जागा दिली, आणि म्होरक्या स्वतः बाहेरच्या कडेला झोपला.

तात्पर्य : मोठ्यांना जे बाधत नाही, ते लहानांना बाधू शकते, म्हणून आपले मूल वाचले तरी दुसऱ्याच्या मुलासाठी आवाज उठवावा.

ही गोष्ट मी काल संध्याकाळी लिहून संपवली. आमच्या वस्तीमागे जुन्या बॅटऱ्या फोडतात, त्यांतली शिशाची विषारी राखाडी भुकटी मातीत मिसळते आणि तिथल्याच मातीत मुले लगोरी खेळतात. चार माणसांत बोलायचे म्हटले की मी मागे सरतो. तरी आज सकाळी मी नळावर गेलो, पाण्याला उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना त्या मातीबद्दल सांगितले, आणि मग देवळासमोरच्या फरशीवर मुलांना नवी लगोरी रचून दिली.