राहीचं विस्कटलेलं रान

फार पूर्वी, गावं पायवाटांनीच जोडलेली होती त्या काळी, एका डोंगराळ गावात राही नावाची शेतकरीण राहत होती. तिचं ज्वारीचं रान पाहून लोक हसत. कुठे उंच ताट, कुठे बुटकं. एक कणीस लाल, दुसरं पिवळसर.

एकदा पाटलांनी दुरून टपोऱ्या पांढऱ्या ज्वारीचं बियाणं आणलं. सगळ्या गावाने तेच पेरलं. रानं अशी एकसारखी डोलू लागली की बघत राहावं.

"वहिनी, तुमचंच तेवढं रान विस्कटलेलं," पाटील म्हणाले.

"असू द्या, भावजी. सासूबाईंनी राखलेलं बियाणं आहे. त्यातली एकही जात मी मोडू देणार नाही," राही ताठ मानेने म्हणाली.

पुढच्या वर्षी ज्वारी पोटरीत आली, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती, आणि मावा पडला, रस शोषणारी बारीक कीड. एका ताटावरून दुसऱ्यावर, काही अडथळाच नाही! गावाची रानं चिकट, काळी पडली. आता वर्षभर खायचं काय, या विचाराने घरोघरी माणसं सुन्न झाली.

राहीच्या रानातही मावा आला. लाल ज्वारीने तर मान टाकली. पण पिवळीच्या पानांवर खरखरीत लव होती, तिथे माव्याला बसताच येईना. बुटकीच्या वासाने ढालकिडे जमले आणि मावा फस्त करू लागले. उंच ज्वारीच्या मुळांशी डोळ्यांना न दिसणारे मातीतले जीव होते. त्यांनी तिला बळ पुरवलं. ती कोमेजली, पण पुन्हा उभी राहिली.

गाव तिच्या दारी आलं.

"वहिनी, त्या पिवळीचंच बी द्या आम्हाला," पाटील म्हणाले.

राहीने कणगीतलं जुनं बी सुपात ओतलं. "सगळं घ्या. लालसुद्धा."

"ती तर मेली की!"

"यंदा मेली. मागे पाऊस दडला तेव्हा तिनेच आम्हाला जगवलं. उद्या काय येईल, कुणाला ठाऊक? तुमची पांढरीही उरली असेल तर मिसळा, भावजी."

पाटलांनी उपरणं पसरलं.

पुढे त्या गावावर कीड आली, दुष्काळही आला. पण सगळं रान एकदम कधीच गेलं नाही. पाहुणा आला की गावकरी त्याला शिवारात नेत आणि छाती फुगवून म्हणत, "बघा, इतक्या तऱ्हेची ज्वारी पिकते आमच्याकडे!" ते ऐकून राहीचा चेहरा उजळून निघे.

लहानथोरांनो, वेगळेपण जपलं की कसंही संकट येवो, कुणी ना कुणी उभं राहतंच.