रावणाचं दहावं डोकं

"आणि तुटलं तर?"

श्रीरंगने विचारलं आणि काचेच्या कपाटासमोर असा आडवा उभा राहिला, जणू आत रावण नाही, सीताच आहे.

कान्होबाबा पायरीवर बसून शेंगा सोलत होते. ते सोलतच राहिले.

जव्हारकडच्या डोंगरात बाबांचा मठ. मठाच्या धर्मशाळेत त्यांनी आसपासच्या गावांतल्या जुन्या वस्तू मांडून एक छोटं संग्रहालय उभं केलं होतं. श्रीरंग शहरात जुन्या वस्तू जपण्याचं शास्त्र शिकून आला, बाबांचा शिष्य झाला आणि कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडू लागला. पोरगा कामाचा, यात शंका नाही. भोयांच्या घरातून आलेल्या रावणाच्या लाकडी मुखवट्याला वाळवी लागली होती, ती त्यानेच काढली. त्याचा ताठा मात्र त्या वाळवीपेक्षा चिवट होता.

आता बोहाडा आला होता. गावदेवीच्या या उत्सवात देवदानवांचे मुखवटे लावून सोंगं नाचतात, आणि रावणाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या भोयांचं. म्हातारे काळू भोये मुखवटा न्यायला दारात उभे होते.

"असा दुसरा उरलेला नाही, बाबा," श्रीरंग म्हणाला. " घडवणारेही उरले नाहीत."

"काळूदादा, तुम्हाला येतं ना?" बाबांनी विचारलं.

"बापानं शिकवलं व्हतं," काळू ओशाळून हसले. "पण नवा मुखवटा कुणी मागितलाच न्हाई. हात इसरला आसंल."

बाबांनी हात पुढे केला. श्रीरंगने किल्ली दिली. द्यावीच लागली.

रावण नाचला. संबळ घुमला, बायकांनी ओवाळलं, लेकरं त्याच्या पायांवर घातली. श्रीरंगही गर्दीत होता, पण त्याने नाच पाहिलाच नाही. तो डोकी मोजत होता.

सकाळी काळू मुखवटा परत घेऊन आले. कडेचं एक डोकं निखळून पार फुटलं होतं.

"नऊ," श्रीरंग म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सांगत होतो, बाबा..."

बाबांनी तुकडे उपरण्यात गोळा केले आणि काळूंच्या मांडीवर ठेवले.

काळूंनी ते बराच वेळ चाचपले.

"सावरीचं लाकूड लागंल," ते म्हणाले.

बघता बघता अंगणात गाव जमलं. कुणी ओंडका आणला, कुणी पटाशी. काळूंची सून ठमी हात बघून शिकायला शेजारी टेकली. रावणाच्या नाकावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली.

"ह्ये तुझ्या मामाचं नाक झालं!"

"मग? मामा काय कमी व्हता?"

पहिलं डोकं बिघडलं. गाव हसलं, काळूही हसले. दुसऱ्याला मात्र हाताला सगळं आठवलं. ठमीने मिशा कोरल्या, त्या सासऱ्यापेक्षा झोकदार निघाल्या, आणि म्हातारा गावभर सांगत सुटला.

श्रीरंगला लाकूड धरायला बसवलं होतं. त्याच्या केसांत भुसा, गुडघ्यांवर ढलप्या.

"कान तुम्ही काढा, दादा," काळूंनी पटाशी त्याच्या हातात दिली.

कान वाकडा झाला. कुणी नाव ठेवलं नाही. वीस कानांत एक वाकडा खपून जातो.

संध्याकाळी दहा डोक्यांचा रावण कपाटात गेला. श्रीरंग कितीतरी वेळ त्या एका कानाकडेच बघत राहिला. इतका आनंद त्याला परीक्षेत पहिला आला तेव्हाही झाला नव्हता. मग कुलूप लावता लावता त्याचा जीव पुन्हा धास्तावला.

"बाबा... पुढच्या वर्षी पुन्हा तुटलं तर?"

बाबांनी तळहातावरची टरफलं फुंकून उडवली.

"आणि नाही तुटलं तर?"